वेदनेवर डिप्रेशनची किंवा फिटची गोळी का देतात?

पायांची आग होते म्हणून दवाखान्यात गेलेल्या माणसाला अमिट्रिप्टिलीनची गोळी मिळते. घरातले कोणी मोबाइलवर नाव शोधते आणि सांगते, 'ही तर डिप्रेशनची गोळी!' 'डॉक्टरांनी मला वेडा ठरवले' या समजाने गोळी बंद होते, आग मात्र तशीच राहते. वस्तीत काम करणाऱ्या तरुणांनी ही माहिती नीट ठेवावी, म्हणून आम्ही ती येथे देत आहोत.

वेदनेचे प्रकार
जखम किंवा सूज यांचे दुखणे पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांनी कमी होते. मधुमेह किंवा नागीण यांमुळे नसच बिघडली, तर आग, मुंग्या, करंट लागल्यासारखी कळ जाणवते. तेथे नेहमीच्या गोळ्या फारशा उपयोगी पडत नाहीत.

औषधे
• अमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटिन : ही नैराश्यावरची औषधे. वेदनेचे संदेश दाबणारी मेंदू व मज्जारज्जूमधली यंत्रणा ती बळकट करतात. वेदनेसाठी अमिट्रिप्टिलीन बहुधा रात्री 10 मिलिग्रॅमपासून सुरू होते. नैराश्यासाठीची मात्रा याहून बरीच जास्त असते.
• गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन : फिटवरची औषधे. बिघडलेल्या नसांमधून जाणारे संदेश कमी करतात.
• कार्बामाझेपिन : हेही फिटवरचे. चेहऱ्यावर विजेसारखी कळ येणाऱ्या ट्रायजेमिनल न्युराल्जियात प्रामुख्याने वापरतात.

अपेक्षा
गुण यायला काही आठवडे लागू शकतात. अनेकांची वेदना पूर्ण न जाता कमी होते, तर काहींना उपयोग होत नाही. कंबरेतून पायात जाणाऱ्या सायटिकाच्या कळेसाठी गॅबापेन्टिन, प्रीगॅबालिन देऊ नये, असे ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने 2020 मध्ये सांगितले. म्हणून 'ही गोळी कशासाठी?' हे डॉक्टरांना जरूर विचारा.

काळजी
• झोप, चक्कर येऊ शकते. सुरुवातीला गाडी चालवू नका. वृद्धांना पडण्याचा धोका असतो.
• दारू किंवा झोपेच्या गोळ्यांसोबत घेतल्यास श्वास मंदावू शकतो.
• काचबिंदू, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार, लघवी अडकणे, गरोदरपण असल्यास आधी सांगा.
• कार्बामाझेपिनने अंगावर पुरळ उठल्यास लगेच दवाखाना गाठा.
• एरवी गोळी मनाने अचानक सोडू नका. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा. शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून तीच गोळी घेऊ नका.

अशी गोळी मिळाली म्हणजे दुखणे मनाचे खेळ ठरत नाही. बिघडलेली नस खरी असते आणि तिची वेदनाही खरीच असते.