खरी ज्यूरी

परवा रात्री झोप लागेना म्हणून मुलाने आणून ठेवलेली एक जुनी तबकडी लावली. 'क्राऊन कोर्ट' ही इंग्लंडच्या ग्रॅनाडा टेलिव्हिजनची मालिका १९७२ ते १९८४ या काळातली. फुलचेस्टर नावाचे काल्पनिक गाव, तिथले न्यायालय, आणि दर वेळी नवा खटला.

न्यायाधीश, वकील, आरोपी सगळे नट. ज्यूरी मात्र खरी! निकाल सांगणारा प्रमुख तेवढा नट असे; बाकीची माणसे मतदारयादीतून बोलावलेली. निकाल तेच ठरवत. म्हणून शेवटाची तालीम दोन्ही तऱ्हांनी होई, दोषी आणि निर्दोष.

त्या रात्रीचा आरोपी मान खाली घालून उभा होता. पहिल्या दहा मिनिटांतच मी मनाशी म्हणालो, यानेच केले असणार. पुढच्या साक्षी ऐकल्या त्या केवळ उपचार म्हणून. निकाल आला : निर्दोष. मी एकटाच खोलीत ओशाळलो.

आणि मला मुंबई उच्च न्यायालयातला जुलै १९०८ मधला खटला आठवला. आरोपी लोकमान्य टिळक, आरोप राजद्रोहाचा. लेख 'केसरी'तले, म्हणजे मराठी; ज्यूरीपुढे आली त्यांची इंग्रजी भाषांतरे. नऊ जणांच्या ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी. २२ जुलैच्या रात्री निकाल लागला : सात विरुद्ध दोन, दोषी. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली, आणि टिळक मंडालेला गेले. त्या काळी इंग्लंडात ज्यूरीतल्या बाराही जणांचे एकमत लागे. बहुमताची मुभा तिथे १९६७ साली आली. इथे मात्र दोघांचा नकार पुरेसा ठरला नाही.

माझे नाव ऐकून, कविता मुळात उर्दूत लिहिता का, असे विचारणारे अजूनही भेटतात. कविता वाचण्याआधीच निकाल! मी हसून सोडून देतो, पण आत कुठेतरी लागते. त्या रात्री मीही तेच केले होते.

१९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनंतर आपल्या फौजदारी न्यायालयांत ज्यूरी उरली नाही. कट्ट्यावर, रेल्वेच्या डब्यात, घरातल्या ओट्यापाशी ती रोज बसते. तिथे साक्षीदाराला कुणी बोलावत नाही.

तबकडीवर अजून बरेच खटले आहेत. पुढचा पाहताना साक्षी संपेपर्यंत थांबणार आहे. बघू, जमते का.