मायनर सेव्हन्थ कॉर्ड आणि भजनाची साथ

औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद या सीमाभागातील तालुक्यांत मराठी भजन म्हटले की टाळ, पखवाज आणि पेटी हे ठरलेलेच. अलीकडे कीबोर्ड किंवा पियानो शिकलेली मुलेही सप्ताहात आणि गणेशोत्सवात साथीला बसतात. त्यांना कॉर्ड येतात, पण राग कळतोच असे नाही. जुन्या पेटीवाल्यांना राग कळतो, पण कॉर्ड परका वाटतो. दोघांच्याही उपयोगी पडेल असा एक कॉर्ड घेऊन त्याची माहिती येथे देत आहोत. तो म्हणजे मायनर सेव्हन्थ.

रचना

सा, कोमल ग, प आणि कोमल नि हे चार सूर एकत्र वाजवले की मायनर सेव्हन्थ होतो. काळ्या-पांढऱ्या सर्व पट्ट्या धरून मोजले तर सा पासून कोमल ग तिसरी पट्टी, तेथून प चौथी आणि तेथून कोमल नि पुन्हा तिसरी. ३-४-३ एवढे लक्षात ठेवले की कोणत्याही सुरापासून हा कॉर्ड बांधता येतो.

नेहमीच्या पट्ट्यांत तो असा बसतो:

- सा पांढरी एक: पांढरी एक, काळी दोन, पांढरी पाच, काळी पाच. (सी मायनर सेव्हन्थ)
- सा काळी एक: काळी एक, पांढरी तीन, काळी चार, पांढरी सात. (सी शार्प मायनर सेव्हन्थ)
- सा काळी दोन: काळी दोन, काळी तीन, काळी पाच आणि वरच्या सप्तकातील काळी एक. (डी शार्प मायनर सेव्हन्थ)
- सा पांढरी चार: पांढरी चार, काळी चार, वरच्या सप्तकातील पांढरी एक आणि काळी दोन. (एफ मायनर सेव्हन्थ)

काळी दोनमध्ये चारही सूर काळ्या पट्ट्यांवर येतात, त्यामुळे नवशिक्याला तो डोळ्यांनीही पटकन सापडतो.

तंबोऱ्यात सा आणि प आधीच वाजत असतात. त्यावर कोमल ग आणि कोमल नि ठेवले की हाच कॉर्ड तयार होतो. म्हणून आपल्या कानाला तो फारसा परका नाही. प्रश्न येतो तो केव्हा वाजवावा आणि किती वेळ धरावा, याचा.

हाताची ठेवण

पियानोवर दोन्ही हात मोकळे असतात. डाव्या हाताने खाली सा आणि प, उजव्या हाताने मध्य सप्तकात कोमल ग आणि कोमल नि, ही ठेवण मोकळी आणि स्पष्ट वाजते. चारही सूर खर्जात जवळजवळ दाबले तर आवाज गढूळ होतो.

पेटीवर डावा हात भात्याला असतो, म्हणून चारही सूर उजव्या हाताने घ्यावे लागतात: अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि करंगळी. चार सूर एकदम वाजवले की हवा जास्त लागते आणि भाता धावपळीने हलवावा लागतो. पेटीला काळी एक आणि काळी चारच्या सुराच्या खुंट्या असतील आणि गाणे काळी एकमध्ये असेल, तर सा-प खुंटीवर सोडून बोटांनी फक्त कोमल ग आणि कोमल नि घ्यावेत. कॉर्ड पूर्ण ऐकू येतो आणि उरलेली बोटे चालीसाठी मोकळी राहतात.

आणखी एक फरक आहे. पियानोचा सूर वाजल्यावर आपोआप विरत जातो. पेटीचा सूर बोट उचलेपर्यंत तसाच राहतो. म्हणून पियानोवर खपणारा कॉर्ड पेटीवर गायकाच्या अंगावर येतो. पेटीवर बोट वेळेत उचलणे हे दाबण्याइतकेच महत्त्वाचे.

कोणत्या रागात कोणता

भीमपलासीच्या आरोहात सा, ग, म, प, नि असे सूर लागतात. ग आणि नि कोमल. आपला कॉर्ड त्यात पूर्ण बसतो. भीमसेन जोशींनी गायलेले, 'गुळाचा गणपती' (१९५३) या चित्रपटातील 'इंद्रायणी काठी' हे सर्वांच्या ओळखीचे गीत याच रागातले आहे. मात्र या रागात मध्यमाला मोठे स्थान आहे. गायक मध्यमावर थांबला असताना कोमल ग धरून ठेवला तर दोन शेजारचे सूर एकमेकांना घासतात. त्या वेळी फक्त सा आणि म ठेवावेत. रे-म-ध-सा हाही मायनर सेव्हन्थच आहे आणि त्याचे सूर रागात सापडतात, पण रे आणि ध येथे उतरताना लागतात. त्यांना कॉर्डमध्ये रोवून ठेवले की रागाची चाल मोडते.

बागेश्रीतही ग आणि नि कोमल. तरीही सा-ग-प-नि येथे टाळावा, कारण बागेश्रीत पंचम अगदी जपून लागतो. तो कॉर्डमध्ये सतत वाजला की गाणे भीमपलासीकडे ओढले जाते.

मालकंसात पंचम वर्ज्यच. तेथे सा वरचा मायनर सेव्हन्थ म्हणजे सरळ चूक. पण म, कोमल ध, सा आणि कोमल ग हे चारही सूर रागातले आहेत आणि ते मध्यमावरचा मायनर सेव्हन्थ होतात. मालकंसात तंबोराही मध्यमात लावतात, त्यामुळे तो सहज मिसळतो. काळी एकमध्ये तो काळी तीन, पांढरी सहा, काळी एक, पांढरी तीन असा येतो.

भूपात सगळे सूर शुद्ध, तरी ध-सा-ग-प हा मायनर सेव्हन्थ त्यात दडलेला आहे. येथे धोका वेगळा आहे. खर्जात धैवत धरला तर कान त्यालाच सा मानू लागतो, आणि धैवताला सा मानले की भूपाचे सूर धानीचे होतात. म्हणून खाली सा ठेवून वर ग, प, ध घ्यावेत.

शेवटच्या भैरवीत सा-ग-प-नि आणि म-ध-सा-ग हे दोन्ही बसतात. पण भैरवीत गायक शुद्ध रिषभासारखे सूरही घेतात. तशी जागा आली की कॉर्ड सोडून नुसता सा धरणे बरे.

गांधार जुळत का नाही

चारही पट्ट्या बरोबर दाबूनही कधी कधी गायकाची कपाळावर आठी येते. त्याचे कारण वाद्यात आहे. पियानो आणि आजच्या बहुतेक पेट्या सप्तकाचे बारा समान भाग करून लावलेल्या असतात. काळी एकचा सा सेकंदाला सुमारे २७७.२ कंपनांचा धरला, तर पट्टीवरचा कोमल ग सुमारे ३२९.६ चा येतो. सा शी ६:५ या प्रमाणात मिळणारा कोमल ग ३३२.६ चा असतो. तीन कंपनांचा हा फरक सूर लांबवला की लहरीसारखा ऐकू येतो. पट्टीला मींडही घेता येत नाही. अशाच आक्षेपांवरून आकाशवाणीवर १९४० मध्ये पेटीला बंदी झाली आणि ती १९७१ पर्यंत टिकली.

यावर साधा उपाय आहे. गायक कोमल गांधारावर स्थिरावला की आपला गांधार उचलावा. सा आणि प पुरेसे असतात. कॉर्डमधला गांधार गायकाच्या दोन ओळींमधल्या जागेत द्यावा.

साथीचा क्रम

आधी गायकाचा सा विचारावा. मग राग किंवा चालीतले सूर पेटीवर वाजवून पाहावेत आणि कोणते सूर लागत नाहीत ते मनाशी ठरवावे. त्यानंतरच कॉर्ड निवडावा. ओळ चालू असताना चालीमागून जावे; ध्रुपद पुन्हा येताना किंवा समेवर कॉर्ड द्यावा आणि पुढचा शब्द येण्याआधी सोडावा. सरावासाठी खुंटीवर सा-प ठेवून भीमपलासीची एक ओळ संथ लयीत दहा वेळा म्हणावी आणि प्रत्येक वेळी कॉर्ड एकाच ठिकाणी द्यावा.

आपल्या भागात भजन एका भाषेत बांधलेले नाही. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभू (१८१७–१८६५) यांनी मराठी, कन्नड, हिंदी अशा अनेक भाषांत पदे रचली. एकाच बैठकीत अभंगामागून कन्नड पद येते आणि पेटीवाला तोच असतो. भाषा बदलली तरी त्याला सांभाळायचे असते ते रागाचे सूर आणि गायकाची जागा. कीबोर्ड शिकलेल्या मुलांनी हे दोन्ही सांभाळले तर जुन्या मंडळींनी त्यांना साथीला जरूर बसवावे. नाही तर पेटीवर बसणारा हात पुढच्या पिढीत मिळणे अवघड आहे.