दुष्काळी पाथर्डीत पूर का येतो? तापमानवाढ, बदलता पाऊस आणि शेतातील उपाय

पाथर्डी तालुका म्हटले, की पाण्याचे टँकर, चारा छावण्या आणि ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आठवतात. पण याच भागाने अलीकडे पूरही पाहिला. ऑगस्ट 2021 च्या अखेरीस शेवगाव-पाथर्डी भागात नदी-ओढ्यांचे पाणी गावांत शिरले. सप्टेंबर 2025 मध्ये करंजी परिसरासह तालुक्यातील अनेक गावांत अतिवृष्टी होऊन काढणीला आलेली पिके गेली, काही ठिकाणी मातीही खरडून गेली. पीक पुढच्या हंगामात पुन्हा उभे राहते. मातीचा थर मात्र आपल्या हयातीत पुन्हा तयार होत नाही. म्हणून दुष्काळी भागातील पुराची कारणे समजून घेणे गरजेचे आहे.

तापमानवाढीचा पावसाशी संबंध

हवा जितकी गरम, तितकी ती जास्त बाष्प धरून ठेवते. तापमान 1 अंश सेल्सिअसने वाढले, की हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. औद्योगिकीकरणापूर्वीच्या तुलनेत पृथ्वीचे सरासरी तापमान 1 अंशाहून अधिक वाढले आहे. अरबी समुद्रही तापला आहे. त्यामुळे ढगांना जास्त बाष्प मिळते आणि अनुकूल स्थिती तयार झाली, की थोड्या वेळात जास्त पाऊस पडतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या 2017 मधील अभ्यासानुसार, 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी होणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या.

दुसरी बाजू उघडिपीची. गरम हवा जमिनीतील ओल लवकर ओढून घेते, त्यामुळे पावसात खंड पडला की पीक लवकर सुकते. म्हणजे जूनजुलैचा ताण आणि सप्टेंबरचा पूर या दोन्हींना तापमानवाढ हातभार लावते. अर्थात, प्रत्येक पुराचा सगळा दोष तिच्यावर टाकता येत नाही. पडलेल्या पावसाचे पुरात रूपांतर होण्यामागे स्थानिक कारणेही असतात.

पाथर्डीत पाणी वेगाने का वाहते?

- उतार : गर्भगिरीच्या डोंगररांगांवर पडलेले पाणी ओढ्या-नाल्यांनी वेगाने खालच्या शिवारात आणि पुढे शेवगावच्या सपाट भागाकडे जाते.
- उथळ जमीन : डोंगरपायथ्याच्या हलक्या, मुरमाड जमिनीत मातीचा थर कमी असतो. तो भरला, की उरलेले पाणी वाहू लागते.
- उघडी माती : थेंबांच्या माऱ्याने उघड्या जमिनीवर पापडी धरते आणि पाणी मुरण्याचा वेग कमी होतो.
- अडलेल्या वाटा : बुजवलेले ओढे, रस्त्याखालच्या अपुऱ्या मोऱ्या, गाळाने भरलेले बंधारे यांमुळे पाणी शेतातून नवी वाट काढते.

महसूल मंडळात 24 तासांत 65 मि.मी.पेक्षा जास्त पाऊस झाला, तर अतिवृष्टी धरली जाते. एका एकरावर 1 मि.मी. पाऊस म्हणजे सुमारे 4 हजार लिटर पाणी. या हिशेबाने 65 मि.मी. पावसात एका एकरावर 2 लाख 60 हजार लिटर, म्हणजे 10 हजार लिटरचे 26 टँकर पाणी पडते. तेच पाणी दिवसभरात पडले तर बरेचसे मुरते, तासाभरात पडले तर बांध फोडते.

पाणी अडवा, पण जादा पाण्याला वाट द्या

आपल्याकडील मृद व जलसंधारणाचा भर पाणी अडवण्यावर राहिला. तो यापुढेही हवाच. मात्र जादा पाणी सुरक्षित बाहेर काढण्याची सोय नसेल, तर अडवलेले पाणीच नुकसान करते.

- पेरणी, कोळपणी उताराला आडवी करा. सोयाबीन, तूर, मुगासाठी रुंद वरंबा-सरी पद्धत वापरा. खंडात वरंब्यात ओल टिकते, अतिवृष्टीत सरीतून पाणी निघते.
- प्रत्येक बांधाला दगडी सांडवा ठेवा. सांडव्याचे पाणी शेजाऱ्याच्या शेतात न सोडता गवत लावलेल्या चरातून ओढ्याला मिळवा.
- पावसाळ्यापूर्वी पाझर तलावाचा भराव आणि सांडवा ग्रामपंचायतीसह पाहून घ्या. भरावावरील झुडपे, उंदीर-घुशींची बिळे, गळती दिसल्यास लेखी कळवा.
- तलावातील गाळ काढा. साठवण वाढते आणि तोच गाळ खरडलेल्या जमिनीवर पसरता येतो. आधी गाळाची क्षारता आणि चुनखडी तपासून घ्या.
- कांद्याची रोपे गादीवाफ्यावरच टाका.

विस्तार कार्यकर्त्यांनी हे नियोजन गटानुसार न करता ओढ्याच्या पाणलोटानुसार करावे. वरच्या शेतकऱ्याने वाट बदलली, की नुकसान खालच्याच्या वाट्याला येते.

शेतात पाणी साचल्यास

1. पहिल्या 24 तासांत चर काढून पाणी बाहेर काढा. मुळांना हवा मिळणे ही पहिली गरज आहे. जमीन वाफशावर येईपर्यंत आंतरमशागत करू नका.
2. कपाशीत आकस्मिक मर दिसताच 10 लिटर पाण्यात युरिया 200 ग्रॅम, पांढरा पोटॅश 100 ग्रॅम आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड 25 ग्रॅम मिसळून प्रति झाड 100 मि.लि. आळवणी करा. झाड पूर्ण वाळल्यावर उपयोग होत नाही.
3. संत्रा, मोसंबीच्या बुंध्याजवळ पाणी थांबू देऊ नका, डिंक्या बळावतो. पाऊस उघडल्यावर बुंध्याला 1 मीटर उंचीपर्यंत बोर्डो पेस्ट लावा.
4. वाहत्या ओढ्यात पायी, दुचाकीने किंवा बैलगाडीने उतरू नका. जनावरे ओढ्याकाठी बांधून ठेवू नका.

पंचनामा करताना

पिकाचे नुकसान, खरडून गेलेली जमीन आणि गाळ साचलेली जमीन या मदतीच्या निकषांत वेगवेगळ्या बाबी आहेत. पंचनाम्यात तिन्हींची नोंद स्वतंत्र झाली का, हे पाहा. गट क्रमांक, तारीख आणि स्थळ दिसेल असे फोटो शेत साफ करण्यापूर्वी काढा. विहीर, पाइपलाइन, जनावरे यांचे नुकसानही त्याच वेळी नोंदवून घ्या.

जागतिक तापमान एका शेतकऱ्याच्या हाती नाही. पण आपल्या बांधाला सांडवा आहे का आणि आपला ओढा मोकळा आहे का, हे मे महिन्यातच पाहता येते.