वाळवंटाचा रंग

खाकी हा शब्द आपल्या इतक्या अंगवळणी पडलाय की त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. खाक म्हणजे धूळ, माती. खाकी म्हणजे मातीच्या रंगाचा. १८४० च्या दशकात पेशावरला हॅरी लम्सडेन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या गाइड्स पथकाला मातकट कपडे दिले, आणि लाल डगल्यांच्या सैन्यात हा रंग शिरला. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळायची लोकरीची पट्टीही इंग्रजीत गेली ती आपल्याकडूनच.

म्हणजे दूरच्या मुलखात लढणाऱ्याने तिथल्या मातीसारखं दिसावं, एवढं तेव्हाच कळलं होतं. पण दिसणं वेगळं आणि तिथे राहणं वेगळं!

पहिल्या महायुद्धातलं मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, घ्या. १९१४ च्या नोव्हेंबरात तिथे उतरलेल्या हिंदी फौजेत मराठा पलटणी होत्या : १०३, ११०, ११७. कोकणातली नि देशावरची माणसं. नकाशावर तो रखरखीत मुलूख, उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकणारा. पण जानेवारी १९१६ मध्ये, कूत शहरात वेढ्यात अडकलेल्या फौजेची सुटका करायला निघालेल्या तुकड्यांना शेख सादजवळ भेटला तो पाऊस, गारठा आणि घोट्याघोट्याएवढा चिखल. जखमी त्या चिखलात पडून राहिले. तिथल्या हेळसांडीवर १९१७ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला, तो आजही वाचवत नाही. २९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं. या तिन्ही मराठा पलटणींचे लोक तिथे होते. कैद्यांना बगदाद, मोसुलमार्गे शेकडो मैल चालवत नेलं. वाटेत कित्येकांचे बूट झिजले, चोरीला गेले किंवा भाकरीसाठी विकले गेले. मग तापलेल्या जमिनीवर अनवाणी, नाहीतर पायाला चिंध्या बांधून. तिथे खाकी रंगाचा काय उपयोग?

पाऊणशे वर्षांनी, १९९१ च्या आखाती युद्धात, अमेरिकेकडे पैसा होता, कारखाने होते. सैनिकांच्या गणवेशावर बारीक खड्यांसारखे काळे-पांढरे ठिपके होते. बिस्किटातल्या चॉकलेटच्या तुकड्यांसारखे दिसतात म्हणून लोक त्याला चॉकलेट चिप म्हणत. ते अमेरिकेतल्या खडकाळ वाळवंटासाठी आखलेले. अरबस्तानच्या सपाट वाळूत तसे खडे नव्हतेच. पुढे ती नक्षी जाऊन साधी तीन रंगांची आली.

बुटांची गोष्ट याहून बोलकी. अनेकांच्या पायांत व्हिएतनामच्या जंगलासाठी घडवलेले बूट होते. तळव्यात पोलादी पत्रा, कारण तिथे शत्रू जमिनीत टोकदार बांबू रोवायचा. बाजूला पाणी निथळायला भोकं. वाळवंटात त्याच पत्र्याने तळवे भाजायचे आणि त्याच भोकांतून वाळू आत! नवे वाळूच्या रंगाचे बूट पत्रा आणि भोकं काढून बनवले, पण युद्धाच्या वेळी ते फार थोड्यांच्या पायांत पोचले.

मला वाटतं, लांबच्या कचेरीत बसलेल्याला वाळवंट हा एक रंग वाटतो, आणि गोदामात असतो तो मागच्या लढाईचा माल. ऊन, थंडी, चिखल, वाळू हे सगळं ज्याच्या पायाखाली येतं त्याला कोणी आधी विचारत नाही.

पुढच्या वेळी परदेशात गेलेल्या सैनिकांचा फोटो पाहिलात, तर गणवेश बघून झाल्यावर जरा पायांकडेही बघा.