लॅमिनेट फ्लोअरिंग कसं निवडायचं? घर, तळमजला आणि बेसमेंटसाठी सोपी माहिती

आजकाल फोनचा कॅमेरा जमिनीवर धरला की ॲपमध्ये त्याच खोलीत सागवानी, ओक किंवा अक्रोडी फ्लोअरिंग दिसतं. एका टॅपमध्ये रंग बदलतो. आमच्या घरच्या तळमजल्यावरच्या खोलीसाठी मीसुद्धा असंच एक डिझाइन पसंत केलं. एप्रिलमध्ये बसवलं, खोली मस्त दिसत होती. ऑगस्टमध्ये मात्र फळ्यांचे सांधे फुगून वर आले. वरून कोणी पाणी सांडलं नव्हतं, ओल खालून आली होती. फुगलेली फळी वाळल्यावरही पूर्ववत होत नाही, त्यामुळे अर्धी खोली उचकटावी लागली. म्हणून या लेखात रंगाच्या आधी काय बघायचं ते सांगतो.

लॅमिनेट म्हणजे नक्की काय?

लॅमिनेटच्या फळीत वरून खाली असे चार थर असतात:

१. पारदर्शक थर: मेलामाइन रेझिन आणि त्यात ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण. महागड्या घड्याळांच्या काचेचं सफायर म्हणजे याच पदार्थाचं स्फटिक. ओरखड्यांपासून बचाव हाच थर करतो.
२. छापील कागद: लाकडाचा किंवा दगडाचा फोटो. तुम्ही जी 'स्टाइल' निवडता ती एवढीच!
३. एचडीएफ: लाकडाचे तंतू दाबून केलेला टणक गाभा. फुगतो तो हाच, आणि वाळवीचं खाद्यही हाच.
४. तळाचा थर: फळी वाकू नये म्हणून.

थोडक्यात, फर्निचरवरच्या सनमायकाचा हा जवळचा भाऊ. फळ्या एकमेकींत क्लिक करून बसतात. खाली खिळे किंवा डिंक लागत नाही, त्यामुळे जुन्या फरशीवरही बसवता येतात.

'वॉटर रेझिस्टंट' लिहिलंय, मग काय अडचण?

फोनवर वॉटर रेझिस्टंट लिहिलेलं असलं तरी आपण तो घेऊन पोहायला जात नाही. इथेही तसंच आहे. बॉक्सवर '२४ तास' किंवा '७२ तास' लिहिलेलं असतं ते वरून सांडलेल्या पाण्याबद्दल. खालून महिनोन्‌महिने येणाऱ्या ओलीबद्दल तो दावा नसतो.

आपल्याकडे रोज लादी पुसतात. लॅमिनेटवर बादलीतलं पाणी ओतून चालत नाही, घट्ट पिळलेलं फडकं किंवा मॉप वापरावा लागतो. घरात हे पाळलं जाणार नसेल तर लॅमिनेट घेऊच नका. बाथरूममध्ये आणि धुण्याच्या जागी तर अजिबात नको.

बेसमेंट आणि तळमजला: आधी ही टेस्ट करा

अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या आपल्या वाचकांच्या घराखाली बऱ्याचदा बेसमेंट असतं. आपल्याकडे बंगल्याचं तळघर किंवा थेट जमिनीवरचा तळमजला असतो. दोन्हीकडे प्रश्न एकच: काँक्रीट मातीला टेकलेलं असतं आणि ओल शोषून वर आणतं.

टेस्ट अगदी स्वस्त आहे. साधारण दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक जमिनीवर चारही बाजूंनी टेपने चिकटवा. किमान १६ तास, शक्यतो पूर्ण एक दिवस-रात्र तसंच ठेवा. जुनी फरशी असेल तर प्लास्टिक सांध्यांवर येऊ द्या. काढल्यावर आत पाण्याचे थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट पडलं असेल तर ओल आहे.

आणि महत्त्वाचं म्हणजे महाराष्ट्रात ही टेस्ट पावसाळ्यात करा. एप्रिलमधली कोरडी जमीन फसवते. मी तर तेव्हाही तपासली नव्हती!

- ओल आढळली तर: आधी गळतीचं कारण दुरुस्त करा. मग एसपीसीचा विचार करा. त्याचा गाभा दगडाची पूड आणि पीव्हीसीचा असतो, त्यामुळे तो लाकडासारखा फुगत नाही.
- कोरडं असलं तरी: खाली २०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरा, त्याचे सांधे टेपने बंद करा, त्यावर फोमचा थर घाला आणि मगच फळ्या बसवा.

एसी रेटिंग कसं वाचायचं?

हा एसी थंड हवेचा नव्हे. ईएन १३३२९ या युरोपियन मानकानुसार घासलं जाणं किती सहन होतं, त्याचा हा दर्जा आहे. घराच्या बेडरूमसाठी एसी३ पुरतं. हॉल, पॅसेज, लहान मुलं किंवा पाळीव कुत्रा असेल तर एसी४ घ्या. एसी५ दुकान-ऑफिससाठी असतं, घरात त्याचे जास्तीचे पैसे सहसा वाया जातात.

१२ मिमी फळीवर ८ मिमीपेक्षा ओरखडे कमी पडतात, हा गैरसमज आहे. जाडीमुळे पायाखाली भरीव वाटतं आणि आवाज कमी होतो. ओरखड्यांचं काम वरच्या थराचं.

आता स्टाइल निवडूया

- रंग: कमी उजेडाच्या, बुटक्या छताच्या बेसमेंटमध्ये फिका ओक चांगला दिसतो. गडद आणि चकचकीत फळीवर धूळ आणि पावलांचे ठसे लगेच दिसतात.
- पोत: मॅट आणि रेषांचा उठाव असलेली फळी ओरखडे लपवते.
- कडांची खाच: खरी फळी वाटते, पण खाचेत धूळ बसते.
- डिझाइनची पुनरावृत्ती: स्वस्त गेममध्ये तीच भिंत पुन्हापुन्हा दिसते ना, तसंच इथे होतं. प्रकार कमी असतील तर तीच गाठ दर दोन फुटांवर दिसते. दोन-तीन बॉक्स उघडून फळ्या मिसळून लावायला सांगा.

ॲपमधल्या रंगावर विसंबू नका. फोनचा ऑटो व्हाइट बॅलन्स रंग बदलून दाखवतो. दुकानातून नमुन्याचा तुकडा घरी आणा, तो दिवसा आणि रात्री एलईडीखाली बघा.

ऑर्डरपूर्वीचा हिशोब

१२ × १० फूट खोली म्हणजे १२० चौरस फूट. त्यात कापाकापीसाठी १० टक्के मिळवा, म्हणजे १३२. तिरकस विणीच्या डिझाइनला आणखी जास्त लागतं. ८ मिमी फळी आणि २ मिमी फोम मिळून जमीन १० मिमी वर येते, म्हणून दार अडेल का ते आधी बघा, नाहीतर सुताराकडून खालून रंधा मारून घ्यावा लागेल. बॉक्स ४८ तास त्याच खोलीत ठेवा. भिंतीपाशी ८ ते १० मिमी जागा सोडायला लावा, कारण हवेतल्या दमटपणाने फळ्या पसरतात. ती फट स्कर्टिंगखाली झाकली जाते.

लक्षात ठेवायचा क्रम असा: आधी ओल, मग रेटिंग, शेवटी रंग. मी उलट्या क्रमाने गेलो होतो. घरी फ्लोअरिंगची चर्चा सुरू असेल तर ॲपचा स्क्रीनशॉट पाठवण्याआधी जमिनीवर प्लास्टिकचा तुकडा चिकटवा!