आधी कोण पोहोचतं?

पायोरिया झाला म्हणजे दात गेला, असं आपल्याकडे घरोघरी धरून चालतात. दात मात्र एकदम पडत नाही. हिरडीखाली सूज राहते, मुळाला धरून ठेवणारे तंतू आणि भोवतालचं हाड झिजत जातं, मग दात हलू लागतो. जुनी शस्त्रक्रिया हिरडी उघडून मूळ स्वच्छ करी. जखम भरून येई. मग दात बरा झाला म्हणायचं का?

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही शब्द तपासायला शिकवत असू, तेच इथे करू. जखम भरणं वेगळं, गेलेलं परत येणं वेगळं. सूक्ष्मदर्शकाखाली बहुधा असं दिसे, की हिरडीचं वरचं आवरण मुळालगत खाली उतरून नुसतं चिकटलंय. मुळावरचं सिमेंटम, त्यात रुतलेले तंतू आणि हाड हा सांधा काही परतलेला नाही.

1976 साली मेल्चर यांनी प्रश्नच नव्याने मांडला. उघड्या मुळावर आधी कोण पोहोचतं? दावेदार चार: हिरडीचं आवरण, त्याखालची संयोजी ऊती, हाड आणि मूळ व हाड यांमधला अस्थिबंध. जिच्या पेशी मूळ व्यापतील, तिच्यावर सांधा कसला होणार हे ठरतं. आवरण सगळ्यांत वेगानं वाढतं, म्हणून शर्यत तेच जिंकतं.

मग त्याची वाटच अडवली तर? 1982 साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या नीमन, लिंडे आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णाच्या खालच्या पुढच्या दाताशी, हिरडी आणि मूळ यांच्यामध्ये गाळणीचा बारीक पडदा ठेवला. तीन महिन्यांनी नवं सिमेंटम आणि त्यात रुतलेले तंतू दिसले. पण ते दिसावेत म्हणून तो दात भोवतालच्या ऊतीसकट काढावा लागला. एका दाताचा पुरावा, आणि तोही दात देऊन मिळालेला! हे आपण विसरू नये.

पुढे टेफ्लॉनचे पडदे आले. ते काढायला दुसरी शस्त्रक्रिया लागे. मग विरघळणारे आले. तरी हाड सगळीकडून सारखं खाली गेलं असेल, तर पडद्याचा फारसा उपयोग नाही. खोल, अरुंद खड्ड्यात तो चांगला चालतो. तंबाखू ओढणाऱ्याला फायदा कमी.

तेव्हा डॉक्टर ‘बरं होईल’ म्हणाले, तर आपण नम्रपणे विचारावं: भरून येईल, की परत येईल?