हालेलुयातला 'या'

रविवारी सकाळी रबाळ्यात स्टेशनकडे चालत निघाले, की कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून टाळ्यांच्या तालावर एक शब्द रस्त्यावर उतरतो. हालेलुया. प्रार्थना कधी मराठीत चाललेली असते, कधी हिंदीत, कधी तमिळमध्ये. एमआयडीसीच्या कामासाठी देशभरातली माणसे इथे येऊन राहिली आहेत. भाषा बदलते, हा शब्द बदलत नाही. तो हिब्रू आहे. 'हल्लेलू' म्हणजे 'तुम्ही सारे स्तवन करा'. कोणाचे? 'याह'चे. यहुदी आणि ख्रिस्ती श्रद्धेतल्या देवाला त्याचे स्वतःचे, खास असे एक नाव आहे आणि 'याह' हे त्या नावाचे आखूड रूप. पूर्ण नाव मात्र ज्या यहुद्यांनी शतकानुशतके जपले, ते स्वतः गेली सुमारे दोन हजार वर्षे उच्चारत नाहीत.

ते नाव चार अक्षरांचे आहे: योद, हे, वाव, हे. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात आणि जुन्या लिखाणात काना-मात्रा नसतात, फक्त व्यंजने. आपल्या अक्षरांत मांडायचे तर य-ह-व-ह. बायबलच्या कथेत जळत असूनही भस्म न होणाऱ्या झुडपापाशी मोशे देवाला नाव विचारतो, तेव्हा उत्तर 'असणे' या क्रियापदातून येते. चार अक्षरांचे नातेही त्याच धातूशी जोडले जाते: जो आहे, जो असतो. हिब्रू बायबलमध्ये हे नाव सुमारे ६,८०० वेळा येते. बायबलबाहेर ते निःसंशय दिसते ते एका शत्रूच्या शिलालेखात. इसवी सनापूर्वीच्या नवव्या शतकात मोआबचा राजा मेशा याने आपले विजय दगडावर कोरले. त्यात इस्राएलच्या देवाची पात्रे लुटून आणल्याची बढाई आहे आणि तिथे ही चार अक्षरे आहेत. तो दगड १८६८ मध्ये सापडला, आज पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे. दुसरा पुरावा मला जास्त जवळचा वाटतो. १९७९ मध्ये जेरुसलेमच्या एका जुन्या थडग्यात चांदीच्या पातळ पत्र्याच्या दोन इवल्या गुंडाळ्या मिळाल्या, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या. आपण ताईत बांधतो तशा त्या कुणीतरी अंगावर बाळगल्या असाव्यात. उलगडल्यावर आत आशीर्वादाचे शब्द निघाले आणि त्यांत हेच नाव. त्या काळी नाव कोरले जात होते, ऐकू येत होते, गळ्यात घातले जात होते.

मग ते ओठांवरून हळूहळू मागे सरले. यहुद्यांच्या बाबिलोनमधल्या बंदिवासानंतरच्या शतकांत वाचक ती अक्षरे आली की 'अदोनाय' म्हणू लागले, म्हणजे 'माझे स्वामी'. पुढे जेरुसलेमच्या मंदिरात पुरोहितांच्या आशीर्वादात आणि प्रायश्चित्ताच्या दिवशी महापुरोहिताच्या तोंडीच नाव उरले. महापुरोहिताने ते घेतले की अंगणातले लोक जमिनीवर पालथे पडत, असे मिश्ना ग्रंथ सांगतो. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी मंदिर उद्ध्वस्त केले आणि नाव घेण्याची ती जागाही गेली. प्रार्थनेबाहेर तर 'अदोनाय'ही जपून वापरतात. नेहमीच्या बोलण्यात 'हाशेम' म्हणतात, ज्याचा अर्थ नुसता 'ते नाव'.

नाव न घेण्यातला आदर मराठी घराला समजावून सांगावा लागत नाही. आजोबांचे नाव घ्यायचे तर आजीला उखाण्याचा आडपडदा लागायचा. या नावाचे पुढे काय झाले तेही घरच्याच उदाहरणाने कळेल. समजा, घरातल्या थोरल्यांचे नाव केशव, पण सगळे त्यांना 'दादाजी' म्हणतात. जुन्या कागदावर नुसतेच क-श-व लिहिलेले आहे. वाचणाऱ्याने तिथे 'दादाजी' म्हणावे याची खूण म्हणून कुणीतरी त्या तीन अक्षरांवर 'दादाजी'चे काने आणि वेलांटी चढवून ठेवली. घरातला माणूस बरोबर 'दादाजी' म्हणेल. बाहेरून आलेला मात्र 'काशावी' वाचेल. केशवांना काशावी अशी हाक कुणीच कधी मारलेली नसते.

सातव्या ते दहाव्या शतकांत मसोरा परंपरेच्या हिब्रू लेखनिकांनी बायबलला स्वरचिन्हे दिली. य-ह-व-ह या अक्षरांना त्यांनी 'अदोनाय'ची चिन्हे लावली, ती वाचकाला आठवण राहावी म्हणून. मध्ययुगातल्या ख्रिस्ती विद्वानांनी अक्षरे आणि चिन्हे एकत्र वाचली आणि 'यहोवा' हे रूप जन्मले. १५३० मध्ये विल्यम टिंडेलच्या इंग्रजी भाषांतरातून ते इंग्रजीत शिरले. आजचे अभ्यासक मूळ उच्चार 'याहवे'च्या जवळचा मानतात. त्याला जुन्या ग्रीक ख्रिस्ती लेखकांनी नोंदवलेल्या उच्चारांचा आधार आहे. २००८ मध्ये व्हॅटिकनने कॅथलिक उपासनेत आणि गीतांत 'याहवे' वापरू नये असे कळवले. जुन्या ख्रिस्ती परंपरेने त्या जागी 'प्रभू'च म्हटले होते, ग्रीकमध्ये 'क्युरिओस', लॅटिनमध्ये 'दोमिनुस'.

मराठीत काय झाले? २३ वे स्तोत्र उघडा. प्रचलित हिंदी बायबल पहिल्याच शब्दात 'यहोवा' म्हणते, मराठी म्हणते 'परमेश्वर'. १९३१ मध्ये हे नाव धारण केलेल्या पंथाला मराठीत 'यहोवाचे साक्षीदार' म्हणतात आणि त्यांच्या मराठी साहित्यात 'यहोवा' असतो. पण बहुसंख्य मराठी ख्रिस्ती घरांत परमेश्वरच. मला मराठीची निवड आवडते. मूळ वाचकही ती अक्षरे पाहून आदराचा दुसराच शब्द उच्चारत होते. एका जागी मात्र ही निवड तोकडी पडते. बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देव मोशेला सांगतो, की तुझ्या पूर्वजांना मी 'एल शद्दाय' म्हणून दिसलो, या नावाने त्यांना कळलो नव्हतो. तिथे 'परमेश्वर' वाचताना काही नवे नाव उघड होते आहे असे वाटतच नाही. तो शब्द आपल्या ओळखीचा, सगळ्यांचाच. त्या ओळीपुरती मला ती चार अक्षरे डोळ्यांसमोर हवी असतात.

ती पाहायची तर रबाळ्याहून फार लांब जावे लागत नाही. ऐरोली, दिघा गाव आणि मग ठाणे. सिव्हिल हॉस्पिटलजवळ १८७९ मध्ये बांधलेले 'शाआर हाशामाईम', म्हणजे स्वर्गद्वार, हे बेने इस्राएलांचे, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांचे, सिनेगॉग (प्रार्थनागृह) आहे. जुनी माणसे त्याला मशीदच म्हणत. मुंबईचे पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मांडवीत उभारले. मशीद बंदर हे नाव त्याच्यावरूनच पडले असे सांगतात. बेने इस्राएलांच्या दाराच्या चौकटीला मेझुझा असतो: एका नळीत चर्मपत्राची गुंडाळी, २२ ओळी, ७१३ अक्षरे. त्यांत हे नाव सात वेळा येते. लेखनिकाकडून नाव लिहिताना चूक झाली तर ते खोडता येत नाही. जीर्ण झालेले लिखाण फेकत नाहीत, पुरतात. येता-जाता माणसे मेझुझाला बोटे लावून ओठांना टेकवतात. आतली अक्षरे कुणी उघडून पाहत नाही.

बेने इस्राएलांची स्वतःची कथा अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर सुरू होते. गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागला. गावांवरून आडनावे आली: किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, नवगावचे नवगावकर. परंपरा सांगते की एक 'शमा' ही प्रार्थना तेवढी त्यांच्या तोंडात उरली आणि जन्म, लग्न, सुंता, मरण, सगळ्या वेळी ते तीच म्हणत. 'शमा'च्या पहिल्या ओळीत ते नाव दोनदा लिहिलेले आहे आणि दोन्ही वेळा म्हणायचे असते 'अदोनाय'. मी याचा विचार करत राहतो. ज्यांच्याजवळ पुस्तक नव्हते त्यांच्याजवळ अक्षरे नव्हती, फक्त आदराचा शब्द होता. अलीकडच्या दोन-तीन शतकांत कोचीनहून शिक्षक आले, १८३२ मध्ये मुंबईत मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले, १८४६ मध्ये मराठी भाषांतरासह हगादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, निघाला. तेव्हा कुणा तेल्याच्या नातवाने छापील पानावर योद-हे-वाव-हे बोटाने लावून पाहिले असेल, आणि आजोबांनी शिकवलेला 'अदोनाय' त्या अक्षरांवर ठेवला असेल.

नाव ओठांवरून गेले, पण माणसांच्या नावांत त्याने घर केले. येशू हे 'येशुआ', म्हणजे 'याह तारतो'. योहान म्हणजे 'याहने कृपा केली'. ग्रीक, लॅटिन, पोर्तुगीज अशी वळणे घेत तोच गोव्यात जुवांव झाला आणि २४ जूनला सां जुवांवच्या सणात पोरे पानाफुलांचे मुकुट घालून विहिरींत उड्या मारतात. मत्तय म्हणजे 'याहची देणगी'. 'यहुदी' या शब्दाच्या मुळाशी यहूदा. हिब्रूत ते नाव लिहिले की चारही अक्षरे त्यात क्रमाने येतात, मध्ये एक दालेत वाढलेले. आणि एलियाहू, ज्या संदेष्ट्यावर कोकणातल्या यहुद्यांनी सगळ्यात जास्त जीव लावला. 'एली' म्हणजे माझा देव, उरलेले 'याहू' ते नावच. लग्न असो, नवस फिटलेला असो, नवे घर असो, मलिद्याचे ताट मांडतात: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, सुकामेवा, भोवती फळे. आणि एलियाहू हन्नबीचे, म्हणजे संदेष्टा एलियाहूचे, गाणे होते.

अलिबागजवळच्या खंडाळ्यात कातळावर एलियाहूच्या रथाच्या खुणा दाखवतात. तिथला उरूस यहुदी पंचांगातल्या शेवात महिन्याच्या पंधराव्या तिथीला. हिब्रूत आकडेही अक्षरांनीच लिहितात. योद म्हणजे दहा, हे म्हणजे पाच. पंधरा लिहायचे तर सरळ योद-हे. पण ते 'याह' होईल. म्हणून दहा-पाच टाळून नऊ आणि सहा लिहितात, तेत-वाव, आणि त्याचा उच्चार होतो 'तू'. त्या दिवसाचे नावच पडले तू बिश्वात. त्या दिवशी मुंबई-ठाण्याहून घरेच्या घरे अलिबागकडे निघतात, कातळापाशी मलिदा मांडतात आणि एलियाहू, एलियाहू अशी हाक घालतात.